चिवटपणाची स्तुति

नातीनें वाढदिवसाची भेट म्हणून मासे मागितले, आणि ज्या विषयाचा मीं साठ वर्षांत कधीं विचार केला नव्हता तो एका संध्याकाळीं माझ्यापुढें येऊन उभा राहिला. दीड फूट लांबीची कांचेची पेटी, तळाशीं घालावयाची वाळू, गाळणी, हवेचा पंप, हें सारें अर्ध्या तासांत मिळालें. मासे कोणते घ्यावे एवढाच प्रश्न उरला. दुकानदार अनुभवी होता व बोलकाही होता. तो म्हणाला, "साहेब, पाणी नवं आहे. आधीं दोन चिवट मासे सोडा. पंधरा दिवस जगले तर चांगले मासे न्यायला या."

सल्ला व्यवहाराचा होता, आणि खोटाही नव्हता. नव्या पेटींतलें पाणी दिसावयास कितीही निर्मळ असलें तरी माशाच्या दृष्टीनें तें कच्चें असतें. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. या अमोनियाचें प्रथम नायट्राइट आणि मग पुष्कळसें निरुपद्रवी असें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु वाळूंत व गाळणींत वाढावे लागतात; त्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे जातात. तोंवर पेटींतला मासा स्वतःच्याच उत्सर्गानें आपले कल्ले पोळून घेत असतो. चिवट मासा यांतून निभावतो, नाजूक मासा निभावत नाहीं. म्हणजे दुकानदाराचे ते दोन मासे पुढें येणाऱ्या 'चांगल्या' माशांसाठीं पाणी तयार करून ठेवणारे बिगारी होते!

मीं त्या दिवशीं मासे घेतले नाहींत. दया आली म्हणून घेतले नाहींत असें लिहिलें तर तें खोटें होईल. 'चिवट' या शब्दापाशीं मन अडखळलें, इतकेंच. पुढें या छंदाविषयीं जें जें वाचलें त्यांतही तोच शब्द भेटत राहिला. अमुक मासा चिवट आहे, म्हणून नवशिक्यास योग्य आहे. वरकरणीं ही माशाची स्तुति; पण तिच्यांत माशापेक्षां आमचेंच वर्णन अधिक आहे. आम्ही पाणी बदलावयास विसरणार, दाणे वाजवीपेक्षां फाजील टाकणार, आणि हें सारें जो मुकाट्यानें सोसील तो योग्य! माझ्या लहानपणीं लग्नें जुळवितांना "मुलगी मोठी सोशीक आहे" हें वाक्य शिफारस म्हणून उच्चारलें जाई. तें ऐकून वरपक्षाचे चेहरे खुलत. त्या घरांत सोसण्यासारखें काय आहे, हें विचारण्याचें मात्र कोणास सुचत नसे.

गोल्डफिशचेंच पाहा. चीनमध्यें शेकडों वर्षें निपजविलेला हा मासा. त्याची साधी जात नीट वाढली तर वीतभर होते आणि दहा-पंधरा वर्षें सहज जगते. लहानशा गोल भांड्यांत तो खुरटतो. "पेटीएवढाच वाढतो हो तो," असें त्याचें समर्थन मीं स्वतः ऐकलें आहे. मावणें आणि खुरटणें यांतील भेद आपण कुंडींत लावलेल्या आंब्याविषयीं चटकन् मान्य करतों.

फायटर म्हणून जो मासा दुकानांत मिळतो त्याची कथा याहून चमत्कारिक आहे. थायलंडकडील भातखाचरांत आणि दलदलींत राहणाऱ्या या माशास कल्ल्यांखेरीज श्वसनाचें आणखी एक इंद्रिय असतें. पृष्ठभागाशीं येऊन तो हवा घेतो. म्हणून पेल्याएवढ्या बरणींतही तो जिवंत राहतो, आणि जिवंत राहतो म्हणून त्यास तेवढेंच पुरतें असा ग्रह झाला आहे. सृष्टीनें वाईट दिवसांसाठीं दिलेली देणगी आम्हीं त्याच्या रोजच्या राहणीचें माप ठरविली. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांस फाडतात हें खरें. पण खाचरांत हरलेला पळून जातो, पेटींत त्यास पळावयास जागा नसते.

हें सारें एका स्नेह्यांस सांगितलें तेव्हां ते हंसून म्हणाले, "मग काय, नाजूक मासा आणून मारणार आहांत? चिवट निवडणं हीच दया नव्हे का?" या आक्षेपाचें मोल मी कमी लेखीत नाहीं. ज्यास चूक होण्याची भीति आहे त्यानें चूक सोसणारा जीव निवडावा, यांत कांहीं शहाणपण आहेच. पण चिवटपणा हा अपघातासाठीं ठेवलेला सांठा आहे. आपण तो पहिल्याच दिवशीं खर्ची घालावयास निघतों. शिवाय जो मरत नाहीं त्याचें दुःख आपल्या हिशेबांत कोठेंच येत नाहीं, ही गोष्ट मला अधिक बोंचते.

माशांवांचूनही पाणी तयार करतां येतें. चिमूटभर दाणे रोज पाण्यांत कुजूं दिले कीं जंतूंस अन्न मिळतें. आम्हीं तोच मार्ग धरला. त्याची किंमत नातीनें दिली, हें मान्य केलें पाहिजे. तिच्या मैत्रिणी मासे पाहावयास आल्या आणि पाणी पाहून गेल्या. त्या रात्रीं ती जेवली नाहीं. दुकानदाराचें ऐकलें असतें तर बरें, असें मला क्षणभर वाटलेंही.

१८५० साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं बारा गॅलन पाण्यांत दोन लहान गोल्डफिश व एक पाणवनस्पति ठेवून केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सुरुवातीस सारें ठीक चाललें. मग जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. त्यांनीं डबक्यांतल्या गोगलगायी आणून सोडल्या, त्यांनीं कुजकें खाल्लें, आणि पाणी निवळलें.

आमच्याकडे गोगलगाय आपण होऊन आली. पाचव्या आठवड्यांत एका रोपाच्या पानाखालीं ती दिसली. मोहरीहून थोडी मोठी. तिची निवड कोणीं केली नव्हती. नातीनें तिचें नांव ठेवलें आहे आणि तें मला सांगावयाचें नाहीं असें ठरविलें आहे. येत्या रविवारीं एकच फायटर आणावयाचा आहे; त्यास सोबत नकोच असते, आणि रोपांच्या आड दडावयास आतां जागा झाली आहे. पाणी सव्वीस अंशांवर आहे. रोज सकाळीं शाळेस निघण्यापूर्वीं गोगलगाय कांचेवर कोठवर चढली तें पाहून नात पेन्सिलीनें बाहेरून खूण करते.