लोभ असावा

इंग्रजीकडून आपण पुष्कळ शब्द उसने घेतले. 'थँक्यू' आणि 'सॉरी' तर आपण केव्हाच घरचे करून टाकले. आता त्यांच्या पाठोपाठ 'लव्ह यू' आले आहे. सकाळच्या वेळी घाटकोपरच्या फलाटावर पाच मिनिटे उभे राहा. कोणी ना कोणी हे शब्द म्हणून फोन बंद करताना ऐकू येईलच. पलीकडे प्रेयसीच असेल असे मात्र समजू नका. पुष्कळदा आई असते! निघताना जिथे 'येतो' म्हणायचे, तिथे आता हे म्हणतात.

माझ्या वयाच्या अनेकांना हे खटकते. मला कुतूहल वाटते ते हे की, एवढ्यासाठी शब्द उसना का आणावा लागला? एकदा आठवीच्या वर्गाला मी हेच वाक्य आईला उद्देशून मराठीत लिहायला सांगितले. 'आई, माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे एकाने वाचले मात्र, सारा वर्ग हसला. व्याकरण बिनचूक होते. पण वाक्य नाटकातून वाट चुकून स्वयंपाकघरात शिरल्यासारखे वाटत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिले होते, 'आई, तू बस, पोळ्या मी करते.' तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

मराठीत प्रेम असते, बसते, जडते. इंग्रजीतल्यासारखा 'मी' त्यात पुढे सरसावत नाही. शिवाय 'प्रेम' हा शब्द परीटघडीचा. रोजच्या वापराला आपण माया, लळा, जिव्हाळा काढून ठेवले. आमच्या वडिलांच्या पिढीची पोस्टकार्डे तर 'लोभ असावा, ही विनंती' अशी संपत. हाव म्हणून बदनाम झालेला तो शब्द! माझ्याविषयी थोडी हाव मनात राहू द्या, याहून गोड मागणे कोणते?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल थांबल्या, दिवे गेले, फोन मुके झाले. उपनगरांतली माणसे पाण्यातून रात्रभर चालत घरी पोचली. दार उघडणाऱ्या आया काय म्हणाल्या असतील? 'आधी कपडे बदल. काही खाल्लेस का?' त्या रात्री याचा अर्थ कोणाला सांगावा लागला नसेल.

इथवर आले की आपण खूश होतो. आपल्याकडे न बोलता कळते! पण घरात 'खाल्लेस का' विचारणारे तोंड बहुधा एकच असते. जी रांधते, वाढते, जागते, तिची माया दिसते. जो जेवून ताट सरकवतो आणि वर्तमानपत्र उघडतो, त्याची कशावरून ओळखायची? 'असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात,' हे मी पुरुषांच्याच तोंडून अधिक ऐकले आहे. उखाण्याचा आग्रहसुद्धा बहुतेक तिलाच! हाताने काही करायचे नाही आणि तोंडाने काही बोलायचे नाही, अशा प्रेमाला माझ्या मते मौनाचा मोठेपणा देऊ नये. त्यापेक्षा उसना शब्द परवडला. परक्या भाषेत भीड निदान लवकर मोडते.

मुलुंडला आमच्या शेजारी एक बाई राहतात. चाळीस वर्षांच्या संसारानंतर यजमान गेले. एकदा त्या सहज म्हणाल्या, "स्वभावाने चांगले होते हो. पण माझ्या हातची आमटी त्यांना आवडायची की नाही, ते मला शेवटपर्यंत कळले नाही."

त्यांचा मुलगा हल्ली रोज जिन्यावरूनच 'लव्ह यू, आई' म्हणून ओरडतो. बाई त्याला कधी उत्तर देत नाहीत, गॅलरीत येऊन "डबा घेतलास का रे?" एवढेच विचारतात. परवा तो घाईत काही न बोलताच गेला. डबा त्याच्या हातात दिसत होता. तरी तो वळणाआड जाईपर्यंत बाई गॅलरीत उभ्या होत्या.