एकच वस्ती, दोन कथा

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्राने 2016 या एकाच वर्षात रस्त्यावर उतरलेला जमाव दोनदा पाहिला. केंद्र सरकारच्या 10 फेब्रुवारीच्या अधिसूचनेमुळे पीएफमधला मालकाचा हिस्सा 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नव्हता. 18 आणि 19 एप्रिलला शहरभरच्या गारमेंट कारखान्यांतल्या हजारो बायका काम टाकून बाहेर पडल्या आणि जालहळ्ळी क्रॉसपाशी तुमकूर रस्ता अडला. कोणत्याही मोठ्या कामगार संघटनेने हाक दिलेली नव्हती. दगडफेक झाली, बसही जळल्या; पण 19 तारखेलाच अधिसूचना मागे घेतली गेली. 12 सप्टेंबरला कावेरीच्या पाण्यावरून शहर पुन्हा पेटले. तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या गाड्या शोधून जाळल्या गेल्या आणि पीण्यालगतच्या हेग्गनहळ्ळीत पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. दोन्ही वेळी माणसे तीच होती असे म्हणता येणार नाही. पण वस्ती तीच होती, कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या कष्टकऱ्यांची. दोन्हीकडे भीती होती, आपले कोणीतरी हिरावून नेते आहे हा संतापही होता. फरक होता तो ‘आपण’ म्हणजे कोण, या कथेत. एप्रिलमध्ये ‘आपण’ म्हणजे पगारातून पैसे कापले जाणारे. सप्टेंबरमध्ये ‘आपण’ म्हणजे एक भाषा बोलणारे. माझे म्हणणे एवढेच की मनुष्यस्वभाव संकटाला इंधन पुरवतो, पण आग कोणत्या दिशेने जाणार हे ही कथा ठरवते.

यावर सरळ आक्षेप असा की पाण्याची टंचाई खरी होती. कथेला कशाला दोष द्यायचा? टंचाई खरीच होती. त्या वर्षी कावेरीच्या खोऱ्यात पाऊस कमी झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने 5 सप्टेंबरला कर्नाटकाला तमिळनाडूसाठी रोज 15 हजार क्युसेक पाणी सोडायला सांगितले होते. पण त्याच पावसाने कर्नाटकातल्या मंड्याच्या शेतकऱ्यालाही फसवले आणि तमिळनाडूतल्या तंजावरच्याही. त्या दोघांना एकाच बाजूला उभे करणारी कथा फारशी कोणी सांगितली नाही, कारण ती कोणाच्या सोयीची नव्हती. आपल्याकडेही 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवले गेले. त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने पुराचे मुख्य कारण अलमट्टीत नसल्याचा निष्कर्ष काढला, तरी तो आरोप थांबलेला नाही. पूररेषेत आपणच बांधलेली घरे हे उत्तर बोचते. सीमेपलीकडचे धरण हे उत्तर सोसते. पुरावा समोर असूनही सोसणारी कथा जिंकते, हे अज्ञानाने होत नाही. आपल्या माणसांत राहण्याची गरज माणसाला खरेपणाच्या गरजेइतकीच, पुष्कळदा जास्त, तीव्रतेने जाणवते.

म्हणून मला जमावाइतकीच शांततेचीही भीती वाटते. पीण्याच्या भूजलात प्लेटिंगच्या कारखान्यांमुळे क्रोमियम उतरले आहे. त्यातले षट्संयुजी रूप कर्करोगाला कारण ठरते. पण या विषाला भाषा नाही आणि ठरावीक शत्रूही नाही, शेकडो लहान कारखान्यांचे ते थेंबथेंब साचलेले आहे. त्यासाठी एप्रिलसारखा तुमकूर रस्ता अडलेला नाही. हवामानबदलाचे जगभर हेच झाले आहे. तेव्हा ‘आपण’ची व्याप्ती पृथ्वीएवढी करणारी कथा सांगावी, असे सुचवले जाते. 2023 च्या जी-20 परिषदेने ‘एक पृथ्वी, एक कुटुंब, एक भविष्य’ असे सांगितलेच. नुसत्या घोषणेने ते होईल असे मला वाटत नाही. एप्रिलची कथा चालली, कारण ‘आपण’ या शब्दामागे प्रत्येकीचे स्वतःचे पीएफ खाते होते. ओझोनच्या थराबाबतचा मॉन्ट्रियल करार 1987 चा. भारत त्यात आला 1992 मध्ये, गरीब देशांना पर्यायी तंत्रासाठी निधी देण्याचे 1990 मध्ये ठरल्यानंतर. ओझोन सगळ्यांचा आहे, ही कथा त्याआधीही खरी होती. खर्चाची वाटणी झाल्यावर ती आपलीही वाटली. हवामानाच्या वाटाघाटी आज नेमक्या याच जागी अडल्या आहेत: कुटुंब एक असल्याचे सगळे मान्य करतात, पण खर्च कोणी किती उचलायचा यावर बैठक लांबते.