विश्वास कमी पडला नव्हता

प्रार्थनासभेत साक्ष द्यायची वेळ आली की उभी राहतात ती आजारातून उठलेली, नोकरी लागलेली, उशिरा का होईना मूल झालेली माणसे. ज्यांचा आजार हटला नाही, ज्यांचे मूल हाती लागले नाही, ती मागच्या बाकावर गप्प असतात. त्यातच एखादा हितचिंतक हळूच म्हणतो, ‘विश्वास कमी पडला असेल.’ हे वाक्य कितीही भक्तिभावाने उच्चारले, तरी बायबलच्या कसोटीला उतरत नाही.

सी. एस. लुइस हे ख्रिस्ती श्रद्धेची बाजू हिरिरीने मांडणारे विसाव्या शतकातले नामवंत इंग्रजी लेखक. मार्च १९५७ मध्ये जॉय डेव्हिडमन यांच्याशी त्यांचे धर्मविधीने लग्न लागले ते ऑक्सफर्डच्या रुग्णालयात, खाटेपाशी. कर्करोगाने जॉय यांच्या मांडीचे हाड पोखरले होते आणि त्या फार दिवस काढणार नाहीत अशीच सगळ्यांची समजूत होती. लग्न लावणाऱ्या पीटर बाइड या पाळकांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. काही महिन्यांत हाड भरून आले, जॉय चालू लागल्या. १९५९ च्या आरंभी प्रार्थनेच्या परिणामाविषयी लिहिताना लुइस यांनी ही हकिकत नाव न घेता सांगितली. पण त्याच लेखात त्यांनी बजावले की प्रार्थना हा हमखास फळणारा मंत्र नव्हे. ती विनंती असते आणि विनंती म्हटली की नकाराची शक्यता आलीच.

त्याच वर्षी कर्करोग उलटला. १३ जुलै १९६० रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी जॉय गेल्या.

पुढच्या वर्षी एन. डब्ल्यू. क्लार्क या टोपणनावाने लुइस यांचे एक लहानसे पुस्तक निघाले. ऐन गरजेच्या वेळी देव दार लावून घेतो, अशी उघड तक्रार त्यात आहे. देव नाहीच, या शंकेपेक्षा देव निर्दय तर नसेल, ही भीती त्यांना जास्त छळत होती. तरीही त्यांनी देवाशी बोलणे टाकले नाही. ते भांडले, आणि १९६३ मध्ये मरण आले तेव्हाही श्रद्धावंतच होते.

असे भांडण धर्मग्रंथाला नवे नाही. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. बहुतेकांच्या शेवटी आशेचा सूर लागतो. ८८ वे मात्र अंधारातच संपते आणि संग्रह करणाऱ्यांनी ते गाळले नाही. देहातला काटा काढ म्हणून पौलाने तीनदा विनवले. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर आले. गेथशेमानेत येशूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी वधस्तंभ आला. या दोघांचा विश्वास कमी पडला, असे म्हणायला कोण धजेल?

मग देवाचा नकार आणि ऐकणारे कोणीच नसणे यांत फरक काय, हा नास्तिकाचा प्रश्न रास्तच आहे. बाहेरून मोजता येईल असा फरक दाखवता येत नाही. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळपास पन्नास वर्षे त्यांना देव जवळ असल्याचे जाणवत नव्हते, हे जगाला कळले. १९५८ मधली थोडी उसंत सोडली, तर काळोखच. काहींनी त्यांना ढोंगी ठरवले. पण फादर जोसेफ नॉयनर या जेझुइट धर्मगुरूंनी त्यांना सांगितले होते की देवासाठीची ही तळमळ हीच तो असल्याची खूण आहे. नास्तिकाचे समाधान यातून होणार नाही. मात्र श्रद्धा फळावर उभी नसते, एवढे यातून नक्की दिसते: या सगळ्या काळात कोलकात्यातली सेवा थांबली नाही.

तेव्हा पाळकांना आणि मंडळींना एक विनंती. साक्षीसाठी बरे न झालेल्यांनाही पुढे बोलवा. ८८ वे स्तोत्र कधीतरी उपासनेत मोठ्याने वाचा. आणि नुकतेच मूल गमावलेल्या आईला भेटायला जाल, तेव्हा तिच्या विश्वासाची मोजदाद करू नका.