माकड आधी मरतं

फेब्रुवारी उजाडला की दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात काजूच्या बागांमधून माणसं वाकलेली दिसतात. खाली पडलेला बोंडू उचलायचा, पिळून बी वेगळी करायची, टोपलीत टाकायची. सुक्या पानांत हात घालून दिवसभर हेच काम. भाताचा तरवा भाजायला, गोठ्यात पसरायला पातेरा गोळा करायचा तोही याच दिवसांत. त्याच पानांत मोहरीएवढी गोचिडीची पिल्लं भक्ष्याची वाट बघत असतात. 2016 मध्ये केर गावात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात माणसं तापाने पडली, तेव्हा सिंधुदुर्गाला या किड्याची खरी ओळख पटली. पण आजाराचं नाव राहिलं माकडताप. कन्नडमध्येही तेच, मंगनकायिले.

माझी तक्रार या नावाशी आहे.

1957 साली शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसंही. माकडं मरताहेत म्हटल्यावर पहिली भीती पीतज्वराची होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, शोध घेतला तेव्हा विषाणू निघाला वेगळाच, रशियात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला. मग संशय गेला सायबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांवर. त्यांच्या अंगावरून गोचिडी आल्या असतील का, हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालायला सुरुवात केली. संशय सिद्ध झाला नाही. आपल्याकडच्या पक्षी-स्थलांतराचा पहिला मोठा अभ्यास मात्र त्यातून उभा राहिला. आधी परदेशी पाखरू, मग माकड. रोग नेहमी दुसऱ्या कुणीतरी आणलेला असावा, अशी आपली फार इच्छा असते.

प्रत्यक्षात हा विषाणू जंगलातल्या गोचिडी आणि उंदीर-चिचुंद्रीसारखे लहान प्राणी यांच्यात मुक्काम करतो. गोचिडीच्या आयुष्यात तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला तिला वेगळ्या जनावराचं रक्त लागतं. साधारण डिसेंबर ते मे या काळात मधल्या टप्प्यातली पिल्लं जोरात असतात आणि माणसाला चावतात ती बहुतेक हीच. वानर आणि लाल तोंडाचं माकड या विषाणूपुढे फार दुबळी. त्यांच्या रक्तात तो झपाट्याने वाढतो, चावणाऱ्या गोचिडीही बाधित होतात. माकड मेलं की त्या अंगावरून उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. म्हणजे या साखळीत माकडाचा वाटा नाहीच, असं मी म्हणत नाही. पण रोगाने आधी मरतं ते माकडच. माणसाला झालेला ताप दुसऱ्या माणसाला लागत नाही, विषाणूची वाट आपल्यापाशी संपते. दगावण्याचं प्रमाण मात्र शंभरात तीन ते पाच, आणि नेमकं औषध नाही. जुनी लस होती, ती पुरेशी उपयोगी ठरली नाही.

या साखळीत एक कडी आपल्या गोठ्यातली आहे. मोठी झालेली गोचीड गुरांच्या अंगावर पोसली जाते. गाय आजारी पडत नाही, पण रानात चरून ती गोचिडींची पैदास वाढवते. जंगल जिथे तुटतं, तिथे गुरं, माणूस, माकड आणि गोचीड एकाच पायवाटेवर येतात. 1982 च्या सुमारास दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी भागात जंगल साफ करून काजू लावण्याचं काम निघालं आणि तिथे या तापाने मोठा हाहाकार केला. काजूवर आमचं घर चालतं हे कोकणातला माणूस सांगतो, ते खरंच आहे. म्हणूनच जंगलाच्या कडेला काय लावायचं, किती तोडायचं, गुरं कुठे सोडायची, हे प्रश्न आरोग्य खात्याचेही आहेत.

नावाने काय होतं, ते 2022 मध्ये दिसलं. मंकीपॉक्सची साथ माणसाकडून माणसाला पसरत होती, तरी ब्राझीलमध्ये लोकांनी माकडांवर दगड उचलले, विष घातलं. 1958 मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत त्याचा विषाणू प्रथम आढळला, एवढाच त्या नावाला आधार. 2022 च्या अखेरीस नाव बदलून एमपॉक्स झालं. कोकणात नारळ-केळी फस्त करणाऱ्या माकडांवर लोक आधीच चिडलेले आहेत, आणि त्यांचा राग खोटा नाही. त्यात तापाचं नावही माकडांच्याच माथी मारलं, तर मेलेलं माकड बघून कुणाला हळहळ वाटेल? कुणी खबर तरी कशाला देईल?

आणि खबरच तर हवी आहे. रानात मेलेलं माकड हा या रोगाचा सगळ्यात लवकर मिळणारा निरोप. तो पहिल्यांदा दिसतो काजू वेचणाऱ्या बाईला, गुराख्याला. तिथून पुढे मात्र वाटा फुटतात. माकड वन्यप्राणी, म्हणून वन खातं. त्याचं शवविच्छेदन पशुवैद्यकाकडे. गोचिडी मारायची पावडर नि अंगाला लावायचं तेल आरोग्य केंद्रातून. एकाने दुसऱ्याला कळवेपर्यंत दोन-चार दिवस जातात, आणि चावल्यापासून ताप यायला लागतात तीन ते आठ दिवस. तेवढ्यात त्या झाडाखालचा पातेरा कुणीतरी भारा बांधून घरी नेलेला असतो.