मौन म्हणजे सौम्यता नव्हे

इमारतीचा नकाशा काढण्यासाठी करारावर नेमलेल्या मनुष्यास काम देणारा मध्येच म्हणतो, "गवंड्यांवर देखरेखही तुम्हीच करा." मोबदला मात्र तोच. अशा वेळी ख्रिस्ती मनुष्याने निमूटपणे सोसावे, की बोलावे?

पुष्कळांना मौन हीच सौम्यता वाटते. परंतु उत्पत्तीच्या ३१ व्या अध्यायातील याकोब पाहा. लाबानाकडे तो २० वर्षे राबला. वेतन दहादा बदलले गेले. मनातील सारा संताप लाबानासमोर बाहेर पडला तो गुपचूप पळून गेल्यावर, गिलाद डोंगरात. मग दगडांची रास साक्षीला ठेवून करार झाला. जो स्पष्टपणा आरंभी हवा होता, तो शेवटी आला.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ६२ वे कलमही करार बदलण्यास मुभा देते, पण उभयतांच्या संमतीने. म्हणून बदल कानी येताच शांतपणे विचारावे: काम किती वाढले, मुदत कोणती, मोबदला काय? ठरेल ते लिहून दोघांनी सह्या कराव्यात. न जमल्यास मूळ काम प्रामाणिकपणे पुरे करावे.

प्रभूने दुसरा कोस चालावयास सांगितले नाही काय? होय, परंतु तो कोस खुशीचे दान आहे. मनात हिशेब ठेवून चाललेला कोस दान नव्हे.

आणि आपणच काम देणारे असू, मंडळीच्या समितीवर असू, तर समोरच्याचा होकार मनापासूनचा आहे की गरजेपोटीचा, हे आधी पारखू या.