वीतभर उंचीवर

बसा. घरी खुर्चीत, नाहीतर अंबरनाथ लोकलमध्ये जागा मिळाली असेल तर तिथेही. हात मांडीवर मोकळे सोडा. दहा बोटं जाणवू द्या, एकेक करून. आनंदनगर एमआयडीसीच्या शेडमध्ये क्रेनखाली काम शिकणाऱ्याची दहाही बोटं संध्याकाळी घरी जायला हवीत. हे मनन त्याच्यासाठी आणि त्याला शिकवणाऱ्यासाठी.

आता एक भरलेली बादली आठवा, दोघांनी मिळून धरलेली. उल्हासनगरात टँकरचं पाणी ज्यांनी वाहिलंय त्यांना ती आठवायला वेळ लागणार नाही. दोघं खेटून चालताय तोवर वजन निम्मं-निम्मं. मनातच एक पाऊल बाजूला सरका. समोरचाही सरकला. हात तिरके झाले. पाणी थेंबभरही वाढलेलं नाही, तरी खांदा ओढला जातोय. ती ओढ जरा वेळ तशीच राहू द्या.

हुकातून खाली येणाऱ्या दोन पट्ट्यांचं हेच होतं. एक टनाचा साचा असेल आणि पट्टे जमिनीशी ६० अंशांत असतील, तर प्रत्येकावर सुमारे ५७७ किलोंचा ताण येतो. ४५ अंशांत ७०७. ३० अंशांत एकेका पट्ट्यावर अख्खा एक टन! माल तोच, पट्टे तेच. फक्त आखूड पट्टा हाताशी होता म्हणून तो लावला. शिकवताना फळ्यावर त्रिकोण काढतात. मला विचाराल तर आधी बादली आणावी, त्रिकोण मग काढावा.

श्वास सोडा.

माल बांधून झाला. खलाशांचे दोन जुने शब्द आहेत: ‘हाबीस’ म्हणजे उचल, ‘आरिया’ म्हणजे सोड. दुसरा पोर्तुगीजांच्या गलबतांवरून आला. शेडच्या गोंगाटात दोन्ही ऐकू जात नाहीत, म्हणून हात बोलतो. तर्जनी वर करून लहानसं वर्तुळ काढलं की हाबीस. इशारा एकानेच द्यायचा. ‘थांब’चा मात्र कुणीही द्यावा, काल कामाला लागलेल्या पोरानेसुद्धा, आणि क्रेनवाल्याने कारण न विचारता थांबावं.

माल वीतभर उचलला गेला. इथे थांबा.

सगळं शिक्षण या वितीत आहे. माल एका अंगाला कलतोय का? धारदार कडेवर पट्टा घासतोय का? हुकाची खिटी बसलीय ना? साखळीवर सुरक्षित भाराचा आकडा कोरलेला आहे, तो आज वाचला का? १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ने साखळ्या-दोरांची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून कसून तपासणी सांगितली. क्रेनच्या रुळांजवळ माणूस काम करत असेल तर तिला ६ मीटरच्या आत येऊ द्यायचं नाही, हेही त्यातलंच. पण वर्षाची तपासणी आजच्या उचलीच्या कामी येत नाही. आज ही वीत आहे.

याच अंबरनाथ गावात वालधुनीकाठी १०६०चं शिवमंदिर उभं आहे. ते दगड माणसांनी आणि दोरांनी चढवले असतील. एखादा दगड अर्ध्यावर लोंबकळत असताना खालच्यांनी श्वास रोखला असेल, असं तिथल्या गारव्यात बसलं की वाटतं.

आणि सरळांबे. १ ऑगस्ट २०२३, शहापूर तालुका, समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारं यंत्र रात्री कोसळलं. वीस जण गेले. दोन श्वास त्यांच्यासाठी घ्या.

आता नजर मालाखाली न्या. खाली कुणी नाही. माल गरगरू नये म्हणून बांधलेला दोर धरून एक जण लांब उभा आहे. दोर मनगटाला गुंडाळलेला नाही.

आरिया. सावकाश. खाली लाकडी ठोकळे आधीच लावलेत, पट्टा निघायला फट राहील असे. माल टेकतो. पट्टे सैल पडतात. हात अजून पुढे करू नका. साचा हलतोय का ते बघा.

हलत नाही. आता पट्टा काढा.