चिखल चुकवणाऱ्याची वाट

अमेरिकेच्या ईशान्येला असलेल्या व्हर्मॉन्ट राज्यात हिवाळा आणि वसंत यांच्या सांध्यावर आणखी एक ऋतू मानतात, चिखलाचा. मार्च-एप्रिलच्या उन्हाने जमिनीचा वरचा थर वितळतो, खालचा मात्र दगडासारखा गोठलेलाच राहतो, आणि पाण्याला मुरायला जागा उरत नाही. राज्यातले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे. गाड्या आसापर्यंत रुततात. याच दिवसांत डोंगरातल्या पायवाटा राखणाऱ्या संस्था एक चमत्कारिक वाटणारी सूचना देतात: चिखल लागला तर कडेने जाऊ नका, मधूनच चाला. बूट वाचवायला जो तो कडेच्या झाडोऱ्यावर पाय देतो, मुळं तुडवली जातात, माती उघडी पडते आणि हातभर चिखलाचा वावभर होतो.

शुचितेचा विचार करणाऱ्याने या सूचनेपाशी थोडं थांबावं. शुचिता म्हणजे स्वतःला डाग लागू न देणं, अशी आपली सर्वसाधारण समजूत, आणि तिच्या दिमतीला चिखलातलं कमळ कायम हजर. पण गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या कमळाच्या पानाला चिकटत नाही ते पाणी, चिखल नव्हे. शिवाय ती उपमा कर्म टाकणाऱ्याला नाही, आसक्ती टाकून कर्म करणाऱ्याला आहे. (कमळाचं मूळ तर चिखलातच असतं, हे आपण सोयीने विसरतो.) माझ्या स्वच्छ बुटांची किंमत मागून येणाऱ्याला मोजावी लागत असेल, तर त्या स्वच्छतेला पुण्य कसं म्हणावं?

कोणी म्हणेल, त्याच संस्था आधी बजावतात की या दिवसांत उंचावरच्या वाटांवर जाऊच नका. म्हणजे शेवटी संन्यासच श्रेष्ठ. आक्षेप खरा आहे, पण अर्धा. हौसेची भटकंती सोडता येते, सोडावीही. कच्च्या रस्त्याच्या टोकाला गाई पाळणाऱ्याला ती मुभा नाही. दूध रोज निघतं आणि रोज तेवढ्याच चिखलातून बाहेर जातं. संन्यास बरा की कर्मयोग, हा अर्जुनाचा प्रश्नही रणांगणावरचा होता, सहलीतला नव्हे.

मग स्वच्छतेला मोलच नाही का? आहे, पण ते उंबऱ्यापाशी. व्हर्मॉन्टमधल्या अनेक घरांना दाराशी एक लहानशी खोली असते, तिचं नावच ‘मडरूम’. आपल्याकडे अंगणात पाय धुवायला पाणी ठेवत, तसंच हे. बूट तिथे उतरतात, चालून आल्यावर.